गावठाणातलं घर घेताना लेकींची नावं मोजा

टायटल इन्शुरन्सच्या, म्हणजे मालकी हक्काच्या विम्याच्या, भरवशावर इसार देऊ नका. हा विमा आगीचा किंवा भिंत पडल्याचा नाही. खरेदीआधीपासून मालकीत दडलेला दोष नंतर निघाला, तर कोर्टखर्च आणि नुकसान ठरलेल्या रकमेपर्यंत भरून देतो. आधीच माहीत असलेला दोष त्यात बसत नाही. रेरा या बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या 2016 च्या कायद्यातलं कलम 16 असा विमा काढायची जबाबदारी बिल्डरवर टाकतं, गावात सरळ मालकाकडून घेतलेल्या जुन्या घराला ते लागत नाही. तेव्हा तपासणी तुम्हालाच करायची आहे.

आधार, पॅन, साक्षीदार हे सांगायला नको. ग्रामपंचायतीचा नमुना 8 घ्या, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका, म्हणजे मिळकतीचं मालकीपत्रक, काढा. घर शेतातल्या प्लॉटवर असेल तर सातबारा, अकृषक (एनए) आदेश आणि मंजूर लेआउट लागतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसला की परवानगीचा कागद हातात येईपर्यंत थांबा.

आता वारस फेरफार, म्हणजे मालक वारल्यावर वारसांची नावं चढवल्याची नोंद. नुसता चालू उतारा पाहू नका, विकणाऱ्याचा बाप वारल्यानंतरचा फेरफार मागा आणि त्यातली नावं बोटानं मोजा. दोन मुलं, एक बायको, एवढंच लिहिलं असेल तर लेकी कुठे गेल्या? शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, किती लेकी होत्या, कुठे दिल्या. बाप मृत्युपत्र न करता गेला असेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं लेकीलाही मुलाएवढाच वाटा आहे, आणि 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीतही आहे. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. फेरफारात नाव नाही म्हणूनही जात नाही! भाऊ म्हणेल, "बहिणींचं काही म्हणणं नाही." ऐकू नका. स्टॅम्पवर नोटरी केलेलं संमतीपत्र चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. त्याहून बरं म्हणजे सगळ्या बहिणींच्या सह्या विक्रीपत्रावरच घ्या. एखादी बहीण वारली असेल तर तिच्या सगळ्या वारसांच्या घ्या. वारसात अज्ञान (18 वर्षांखालचं) मूल असेल तर कोर्टाची परवानगी.

वकिलाकडून दुय्यम निबंधकाकडचा 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, घ्या, सूची 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) सकट. सर्चमध्ये फक्त नोंदणी झालेलेच दस्त दिसतात, न विचारलेली बहीण त्यात दिसत नाही. म्हणून फेरफार वेगळा वाचायचा.

चतुःसीमा टेपनं मोजा, पागोळ्याचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं ते बघा. बोजा, घरपट्टी, वीजबिल निल करून घ्या. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या. रजिस्ट्रीआधी पुन्हा बहिणी मोजा. रजिस्ट्री झाली की नमुना 8 वर आणि आखीव पत्रिकेवर नाव चढवायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, पोच घ्या.