नाटकाची आणि गाण्याची ऑडिशन कशी द्यावी: पेटीमागून दिसलेल्या गोष्टी

संगीत नाटकांच्या ऑडिशनला मी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, साथीला बसतो. टेबलामागे दिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक आणि निर्मितीचं बघणारं कुणीतरी. बाजूला सतरंजीवर तबलजी आणि मी. आमच्याकडे कुणी बघत नाही, त्यामुळे आम्हाला सगळं दिसतं. इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की खोलीत येऊन खरोखर वाईट गाणारे किंवा बोलणारे थोडेच. बहुतेकांचा घोळ घरीच झालेला असतो: काय म्हणायचं आणि कुठल्या पट्टीत, म्हणजे कुठला सूर 'सा' धरून म्हणायचं, हे ठरवताना. म्हणून इथेही तयारीबद्दल जास्त बोलणार आहे.

जाहिरात वाचा, मग फोन करा

व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेली जाहिरात बहुधा अर्धवट असते. फोन करून विचारा: उतारा आपण न्यायचा की तिथे हातात देणार? गायचं असेल तर साथ आहे की ट्रॅक लावायचा? वेळ किती मिळेल? तालमी कुठे, किती वाजता आणि कधीपासून? शेवटचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. मग निवड झाल्यावर कळतं की तालीम दुपारी आहे आणि यांची नोकरी दहा ते सात. दोन्हीकडचा वेळ वाया.

भूमिका देण्यासाठी कुणी 'रजिस्ट्रेशन' किंवा 'पोर्टफोलिओ'च्या नावाखाली पैसे मागितले तर तो नंबर ब्लॉक करा. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशअर्जाला शुल्क असतं, ते वेगळं. ऑडिशन रात्री उशिरा, कुणाच्या घरी किंवा लॉजवर ठेवली असेल तर जाऊ नका. अनोळखी ग्रुप असेल तर सोबत कुणाला तरी न्या. चांगले दिग्दर्शक याचा राग मानत नाहीत.

उतारा निवडताना

एका म्हाताऱ्या नटाचं एक स्वगत आहे. कुठलं ते सांगायला नको. एका दिवसात ते मी चार वेळा ऐकलंय, चारही वेळा विशी-बाविशीच्या मुलांकडून. मुलं मनापासून करतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात मूळ नटाचा आवाज आधीच वाजत असतो आणि त्या आवाजाशी स्पर्धा करून कुणी जिंकत नाही. शिवाय दिग्दर्शकाला बावीस वर्षांचा मुलगा हवा असतो आणि समोर सत्तर वर्षांचा खोकला चालू असतो.

तेव्हा तुमच्या वयाचं, दीड ते दोन मिनिटांचं आणि फारसं न वापरलं गेलेलं काहीतरी शोधा. एकांकिकांच्या संहितांमध्ये असे उतारे भरपूर सापडतात. पुण्यात 1963 पासून कॉलेजच्या मुलांची पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याहूनही जुनी. एवढ्या वर्षांत किती लेखन झालं असेल! उताऱ्यात रडारड आणि आरडाओरडा नसला तर फारच चांगलं. ओरडणं सगळ्यांना येतं. एखाद्या माणसाला काहीतरी हवंय आणि ते मागायला त्याला जड जातंय, असा प्रसंग निवडा. त्यात चेहरा, आवाज आणि विचार तिन्ही दिसतात.

बोली तुमची असेल तरच वापरा. मालवणी किंवा वऱ्हाडी टीव्हीवरून उचललेली असेल तर त्या भागातला माणूस दुसऱ्या वाक्याला ओळखतो, आणि टेबलामागे तसा एक जण असतोच.

आता पाठांतराबद्दल एक खास मराठी गोष्ट. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. 'मी त्या दिवशी तुझ्या घरी आलो नव्हतो' यातलं 'नव्हतो' गिळलं की वाक्याचा अर्थच उलटतो. नवख्या नटांचा दम नेमका तिथेच संपतो. वाक्य जोरात सुरू होतं आणि शेवटचे दोन शब्द शर्टाच्या खिशात जातात. घरी सराव करताना प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने म्हणून बघा. मग श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळेल. तसंच 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे च, 'बाळ'मधला ळ, 'पाणी'तला ण हेही तपासा. उच्चार शुद्ध-अशुद्ध असा धाक मी घालत नाही. पात्र कुठलं आहे त्याप्रमाणे उच्चार असावा आणि तो आपल्या ताब्यात असावा, इतकंच.

पट्टी: बहुतेकांचं इथेच बिनसतं

'कुठल्या पट्टीत?' असं मी विचारतो. उत्तरं येतात: 'ओरिजिनल', 'तुम्ही द्या ना', 'थोडी वरची'. यातल्या कुठल्याच उत्तराने मला बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही.

आपली पट्टी नावाने माहीत असायला हवी. पेटीवर पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, त्याच्या लगेच पुढची काळी एक. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका पांढरी चारपासून काळी पाचपर्यंत कुठेतरी. पण हा अंदाज झाला. तुमची पट्टी ठरवायला पेटी असलेल्या ओळखीच्या कुणाकडे अर्धा तास जा, तेच गाणं तीन पट्ट्यांत म्हणा आणि तिन्ही रेकॉर्ड करा. जी सर्वांत रुबाबदार वाटेल तिच्यापेक्षा अर्धा सूर खाली या. घरी, रियाज झाल्यावर, आवडत्या कोपऱ्यात लागणारा तार षड्ज (वरचा सा) आणि सकाळी साडेदहाला अनोळखी खोलीत घाबरून लावलेला तार षड्ज यांत तेवढं अंतर पडतंच.

रेकॉर्डवरून नाट्यपदं, म्हणजे नाटकातली गाणी, बसवणाऱ्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. संगीत नाटकांतले गायक-नट बालगंधर्व (1888–1967) स्त्रीभूमिका करत होते, पण गळा पुरुषाचा होता. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेबरोबर तशाच पट्टीत गाऊन सराव केला की मुलींचा आवाज खाली दबतो, आणि त्यालाच 'गंधर्व गायकी' समजायचा मोह होतो. पद त्यांचं घ्या, पट्टी तुमची. ट्रॅकवर गाणार असाल तर मोबाइलमधल्या साध्या ॲपनेही ट्रॅक अर्धा-अर्धा सूर वरखाली करता येतो. तो बदललेला ट्रॅक फोनमध्ये उतरवून ठेवा. तळघरातल्या हॉलमध्ये नेट नसतं.

गाण्याची लांबी: मुखडा, एक अंतरा, स्वच्छ येतात तेवढ्याच दोन-तीन ताना आणि मुखडा पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. दीड मिनिट. तबलजीला 'वन-टू-थ्री-फोर' म्हणून लय देऊ नका. तालाचं नाव सांगा आणि पहिली ओळ हलक्या आवाजात गुणगुणा; त्याला पुरतं. आणि ज्या तानेबद्दल 'बघू, लागली तर लागली' असं वाटतंय, ती काढून टाका.

पद कुणाला म्हणताय?

मैफल आणि नाटक यांतला फरक या प्रश्नात आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून मराठी नाटकातलं पद हा संवादाचाच भाग आहे. 1882 च्या 'सौभद्रा'त कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालतो ते पद घ्या. गवई मुलं ते डोळे मिटून, एक हात कानाशी नेऊन गातात. सूर पक्का, पण रुक्मिणी कुठाय? बायकोची समजूत काढणारा माणूस डोळे मिटत नाही, तिचा चेहरा सैल पडतोय का ते बघत असतो. तान घेतानाही त्याचं लक्ष तिच्याकडेच असतं.

म्हणून पद आधी नुसतं बोलून बघा, चाल सोडून, समोर कुणाला तरी बसवून. कुठला शब्द समोरच्याला लागावा असं वाटतं तो ठरवा. मग चालीत म्हणा. फार आलापी न करताही पद वेगळं वाटायला लागतं.

उलट परीक्षा आकाशवाणीच्या स्वरचाचणीची. 1952 पासून, बा. वि. केसकर माहिती खात्याचे मंत्री असताना, ही पद्धत रुळली. परीक्षकांपुढे फक्त आवाज असतो. नाव, चेहरा, घराणं काही नाही. तिथे हातवारे कामाचे नाहीत. पण त्यांची युक्ती आपण घरी वापरू शकतो: फोन दहा-बारा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, डोळे मिटून, दुसऱ्याचा आवाज असल्यासारखं ऐका. फोन छातीशी धरून केलेलं रेकॉर्डिंग खोटं कौतुक करतं.

आदल्या दिवसापासून गळा

ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर ज्याला जे मानवतं ते खुशाल घ्यावं. मात्र गिळलेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. ऐनवेळी प्यायलेल्या पाण्याने तोंड ओलं होतं, स्वरतंतू नाही. त्यांना ओलावा मिळायचा तर आदल्या दिवसापासून पाणी प्यावं लागतं. वाफेचा उपयोग होतो. सारखं खाकरू नका, घोट गिळा. कुजबुजून बोलणं म्हणजे गळ्याला आराम नव्हे, त्यानेही ताण पडतो. आराम म्हणजे गप्प बसणं. लोकलमध्ये गोंगाटावर आवाज चढवून गप्पा मारत आलेली मुलं मी लगेच ओळखतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर काढे बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

त्या सकाळी तासभर रियाज नको. ओठांची भुर्रर, थोडा खर्ज (खालचे सूर), मग मधल्या सप्तकात दहा मिनिटं. पदाचा अवघड भाग एकदाच. दहादा म्हटलात तर अकरावी वेळ, म्हणजे खरी वेळ, शिळी होते.

खोलीबाहेर आणि खोलीत

अर्धा-पाऊण तास आधी पोचा. दाराला कान लावून आतला आवाज ऐकू नका. आतला चांगला असेल तर धीर सुटतो, वाईट असेल तर उगाच चढतो. हातपाय कापत असतील तर कापू द्या. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार-पाच मिनिटांत बरंचसं ओसरतं. संहितेचा कागद पुठ्ठ्याला किंवा लिहायच्या पॅडला लावून न्या. थरथर हातात कमी आणि कागदावर जास्त दिसते, आणि ती बघून तुम्हीच आणखी घाबरता.

आत गेल्यावर नमस्कार, नाव, काय करणार ते एका वाक्यात. 'घसा जरा बसलाय', 'तयारीला वेळच मिळाला नाही' हे सांगू नका. प्रत्येक तिसरा माणूस तेच सांगतो, त्यामुळे त्याला किंमत राहिलेली नाही. पेटी-तबल्यापाशी दोन पावलं येऊन पट्टी आणि ताल सांगा. आम्हालाही माणूस म्हणून कुणी बघितलं की हात बरे चालतात. स्वगत दिग्दर्शकाच्या डोळ्यांत बघून म्हणू नका, त्याला लिहायचं असतं. त्याच्या डोक्याच्या जरा वर किंवा बाजूला एखादी जागा धरा.

विसरलात तर थांबा, मागचं वाक्य पुन्हा घ्या, पुढे जा. सुरुवातच फसली तर 'एकदा परत घेऊ का?' हे एकदाच विचारता येतं.

जागेवर संहिता हातात दिली तर दोन मिनिटं मागून घ्या, सहसा देतात. त्या दोन मिनिटांत पाठ करायला बसू नका. कोण कुणाकडे काय मागतंय एवढंच शोधा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी नजर वर येईल असं वाचा.

मग बहुतेक वेळा दिग्दर्शक म्हणतो, 'छान, आता हेच हसत हसत करा' किंवा 'हेच पद घाईत असल्यासारखं'. तुमचं आधीचं चुकलं म्हणून तो हे सांगत नाही. सूचना दिली की तुम्ही बदलता का, ते त्याला बघायचं असतं, कारण पुढचे दीड-दोन महिने त्याला तुमच्याबरोबर तालमी करायच्या आहेत. इथे निम्मे लोक तेच पुन्हा करतात, फक्त दात दाखवून. बदल मोठा करा, चुकला तरी चालेल. मध्येच 'ठीक आहे, थँक्यू' म्हणून थांबवलं तर त्याचा अर्थ लावत बसू नका. कधी चाळीस सेकंदांत नकार ठरतो, कधी होकारही. आणि कधी नुसताच चहा आलेला असतो.

नंतरचे आठ दिवस

'कळवतो' या शब्दात होकार नसतो आणि नकारही नसतो. आठवड्याने एक मेसेज करा, त्यानंतर नाही.

टेबलामागची चर्चा मी ऐकतो. 'मुलगी छान आहे, पण नायकापेक्षा चार बोटं उंच.' 'याचा आवाज आपल्या दुसऱ्या गायकाच्याच जातीचा आहे.' 'डिसेंबरात याची परीक्षा आहे.' गाण्याबद्दल यात काहीच नाही, पण बाहेरच्या पोराला वाटतं आपला गंधार (ग) बेसूर होऊन उतरला म्हणून नाव गेलं. खरंच उतरला असेल तर तो तुमच्या वहीत आलाच पाहिजे. त्याच रात्री लिहून ठेवा: कुठला उतारा, कुठली पट्टी, काय विचारलं, कुठे अडलो. वही मिटा आणि कुणाबरोबर तरी मिसळ खायला जा. त्या दिवशी घरच्यांना सगळं सविस्तर सांगायलाच हवं असं नाही.

कधी कधी भूमिकेऐवजी 'बॅकस्टेजला येतोस का?' असं विचारतात. आपल्याकडे बरेच नट त्याच दाराने आत आले आहेत. नाटक आवडलं असेल तर जा, आणि सगळ्यांचे संवाद पाठ करा. दौऱ्यात कुणीतरी आजारी पडतं, कुणाचं लग्न निघतं, मालिकेच्या तारखा आडव्या येतात, आणि मग रिप्लेसमेंट शोधायला ऑडिशन घेत नाहीत, विंगेत बघतात. पण मनात रुसवा धरून विंगेत उभं राहायचं असेल तर सरळ नाही म्हणा.

नकाराच्या मेसेजला उत्तर दोन ओळींचं पुरे: कळवल्याबद्दल आभार, आणि पुढच्या वेळी जरूर बोलवा. कारण विचारू नका. पुढची ऑडिशन लागली की वही काढा आणि पट्टी पुन्हा तपासा. पावसाळ्यात माझी पेटीही जरा वेगळी वाजते.