पुराचं पाणी घरात शिरलं तर होम इन्शुरन्सचा क्लेम कसा करायचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण, आणि दोन्ही वेळेला पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम काय केलं तर चिखल उपसला आणि भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, बंद पडलेला फ्रिज सगळं रस्त्यावर आणून टाकलं. साहजिकच आहे, वास सहन होत नाही, घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. पण ज्यांच्या घराचा विमा होता त्यांचा पुरावासुद्धा त्याच ढिगात गेला. क्लेम मिळणार की अडकणार हे बरंचसं त्या पहिल्या एक-दोन दिवसांतच ठरतं, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी विमा आहे का ते बघा. नाहीच असं लगेच धरून चालू नका. होम लोन घेताना बँकेने बऱ्याचदा घराचा विमा काढायला लावलेला असतो आणि तो कागद लोनच्या फाइलमध्ये पडून असतो. फक्त एक बघा, तो घराचा आहे की तुमच्या आयुष्याचा, कारण लोनसोबत दुसराही गळ्यात मारतात आणि पुरात त्याचा काही उपयोग नाही. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींना विचारा, कधीकधी बिल्डिंगचा विमा सोसायटीने काढलेला असतो, मग भिंती-वायरिंगचं त्यातून बघता येतं आणि घरातलं सामान तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत असेल तरच. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आली, तिच्यात आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं येतं. घराचा विमा काढला की सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप मिळतं. दागिने मात्र त्यात धरू नका, त्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, जुनाट गळती हे कुठलीच कंपनी देत नाही.

आता घरात शिरताना. मेन स्विच बंद आहे याची खात्री करा, भिजलेल्या बोर्डाला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय फ्रिज-टीव्ही चालू करून बघू नका.

मग झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाइल घ्या. दारापासून सुरू करून प्रत्येक खोलीचा एक सलग व्हिडिओ, त्यानंतर एकेका वस्तूचे फोटो. भिंतीवर पाण्याची जी मळकट रेघ उमटलेली असते ती सगळ्यात महत्त्वाची, तिच्याशेजारी जमिनीपासून मेजर टेप धरून फोटो काढा म्हणजे आकडा दिसला पाहिजे. सर्व्हेयर, म्हणजे नुकसान बघायला कंपनी नेमते तो माणूस, त्या रेघेवरूनच ठरवतो की कुठल्या उंचीवरचं काय भिजलं असणार, म्हणजे पाणी चार फूट असेल तर खालचं कपाट, सोफा, वॉशिंग मशीन यावर वाद होत नाही. आणि भिंत धुतली की रेघ गेली. फ्रिज, मशीन, इन्व्हर्टर यांच्या मागे किंवा दाराच्या आत स्टिकर असतो, मॉडेल आणि सिरियल नंबरचा, तो चिखल पुसून वाचता येईल असा टिपा, बिल वाहून गेलं असलं तरी त्यावरून वस्तूची किंमत निघते.

फोटो झाले की साफसफाई करा, सर्व्हेयर येईपर्यंत घाणीत बसायची गरज नाही, उलट नुकसान वाढू नये म्हणून जमेल ते करणं हे पॉलिसीतच तुमच्यावर असतं. फक्त खराब झालेल्या वस्तू फेकू नका, भंगारात देऊ नका, गच्चीवर नाहीतर अंगणात एका बाजूला ठेवा. ठेवणं शक्यच नसेल तर कंपनीला आधी मेल करा आणि मगच टाका.

कंपनीला कळवायचं त्याच दिवशी. टोल फ्री नंबरवर फोन करा, क्लेम नंबर लिहून घ्या, आणि नुसत्या फोनवर थांबू नका, एक छोटा मेलसुद्धा टाका, कारण पुढे तारखेवरून वाद झाला तर मेलच कामाला येतो. पॉलिसी एजंटकडून काढली असेल तर त्याला सांगा पण फक्त त्याला सांगून मोकळं होऊ नका. आग लागली असेल तर फायर ब्रिगेडचा रिपोर्ट आणि चोरी झाली असेल तर पोलिसांत तक्रार लागतेच. पुरानंतर तलाठी पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी असतो, इन्शुरन्स वेगळा, पण त्या पंचनाम्याची प्रत मिळाली तर घेऊन ठेवा, पाणी आलं होतं याचा तो सरकारी पुरावा आहे.

सर्व्हेयरबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. त्याची फी कंपनी देते, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. तो येईल तेव्हा स्वतः घरी थांबा, वस्तूंची यादी तयार ठेवा म्हणजे वस्तू, कधी घेतली, साधारण किंमत, काय झालं, आणि यादी खरी ठेवा, फुगवलेली एक वस्तू सापडली की बाकीच्या खऱ्या वस्तूंवरही शंका घेतली जाते. बिलं नसतील तर ऑनलाइन ऑर्डरची हिस्टरी, कार्डाचं स्टेटमेंट, अगदी वास्तुशांतीच्या फोटोत मागे दिसणारा टीव्हीसुद्धा दाखवा. भिंती, प्लास्टर, वायरिंगसाठी कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी कोटेशन घ्या. सर्व्हेयर काय काय मागून गेला ते त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा.

क्लेम फॉर्म भारत गृह रक्षामध्ये नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. सोबत पॉलिसीची प्रत, फोटो, यादी, कोटेशन, केवायसी आणि कॅन्सल चेक. ढिगारा-चिखल काढायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, तो मागायला लोक विसरतात, मजुरांना दिलेल्या पैशांची पावती घ्या. घर राहण्यालायक उरलं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचंही कव्हर आहे, त्यासाठी आर्किटेक्टकडून लेखी घ्या. लोन चालू असेल तर घराच्या नुकसानीचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात, म्हणून बँकेशी लगेच बोला.

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे आयआरडीएआय, तिच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. उशीर व्हायला लागला की मेलमध्ये या मुदती लिहाच. रक्कम कमी वाटली तर कुठल्या वस्तूचे किती कापले आणि का हे लेखी मागा, पटत नसेल तर कागदावर सही करायच्या आधी तसं लिहून कळवा.

तरी ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर, नाहीतर १५५२५५ या नंबरवर फोन करून. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही की वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीला ३० दिवसांत पाळावा लागतो, आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगात जायला मोकळीक असते.