सजीवांना जगायला काय लागते : पाठाआधीची तयारी

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना सजीवांच्या गरजा शिकवायच्या असतील, तर आदल्या रात्री केलेल्या तयारीवर भागत नाही. पाणी, हवा, ऊब, अन्न आणि निवारा ही पाच नावे मुले पाच मिनिटांत पाठ करतात. पण एखादी गोष्ट ‘गरज’ आहे हे त्यांना पटते ते ती काढून घेतल्यावर काय होते हे डोळ्यांनी पाहिल्यावरच. त्यामुळे सगळी तयारी बियांभोवती करावी लागते, आणि भिजवलेल्या घेवड्याला मोड यायला हवामानाप्रमाणे तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वेळ लागू शकतो. मुलांच्या हातून मांडायच्या बरण्यांखेरीज आपला स्वतःचा एक संच चार दिवस आधी सुरू करून ठेवावा, म्हणजे मुलांच्या बिया रुसल्या तरी दाखवायला काहीतरी हाताशी राहते.

बी निवडताना टपोरे घ्यावे. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्याला बऱ्याचदा रंगीत औषध चोळलेले असते, ते टाळून खाण्यासाठी मिळणारे साधे घेवड्याचे दाणे आणावेत. मात्र कच्चा घेवडा पोटाला बाधतो, तेव्हा दाणा तोंडात घालायचा नाही हे मुलांना आधीच सांगावे. त्याहून मोठी काळजी नाकाची आणि कानाची : लहान मुले दाणे तिथे घालतात आणि ओलाव्याने दाणा फुगून अडकतो. दाणे मोजून द्यावेत, मोजून परत घ्यावेत आणि मुलगा किंवा मुलगी फार लहान असेल तर दाणे आपल्याच हातात ठेवावेत.

आता बरण्या. पाच प्रकारच्या, प्रत्येकी दोन, अशा दहा पारदर्शक बरण्या लागतील. दोन एवढ्यासाठी की एखादीत बुरशी हमखास येते. पहिलीत ओल्या कापसावर रात्रभर भिजवलेले दाणे ठेवून ती उजेडात ठेवावी. दुसरी अगदी तशीच, पण बंद कपाटात. तिसरीत कापूसही कोरडा आणि दाणेही न भिजवलेले. चौथीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवावेत. हे पाणी उकळून गार केलेले असावे, कारण उकळल्याने त्यात विरघळलेली हवा निघून जाते, आणि ती पुन्हा मिसळू नये म्हणून वर तेलाचा थर द्यावा. पाचवी पहिलीसारखीच ओली, पण फ्रिजमध्ये. या पाचवीची तुलना पहिलीशी करण्याची चूक मी कित्येक दिवस करत होते. एकदा एका सहा वर्षांच्या मुलीने विचारले, “बाई, फ्रिजमध्ये अंधारपण असतो ना?” तिचे अगदी बरोबर होते. फ्रिजमधल्या दाण्यांना ऊबही नसते आणि उजेडही नसतो, म्हणून त्यांची तुलना कपाटातल्या दुसऱ्या बरणीशीच करायला हवी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम बरण्यांवर चिठ्ठ्या लावण्यापूर्वी आपण स्वतः एकदा कागदावर तपासून घ्यावा.

कपाटातले दाणे रुजतात, आणि याच ठिकाणी तयारी नसलेले मोठे माणूस अडखळते, कारण ‘झाडाला सूर्यप्रकाश लागतो’ हे वाक्य त्याने आधीच फळ्यावर लिहिलेले असते. उत्तर दाण्यातच आहे. भिजलेल्या दाण्याचे साल अलगद सोलून त्याच्या दोन फाका नखाने वेगळ्या केल्या, की एका फाकेच्या कडेला चिकटलेला इवलासा कोंब दिसतो. भिंगातून पाहिले तर त्याची दुमडलेली दोन फिकट पानेही दिसतात आणि खाली मुळाचे टोक दिसते. दोन्ही जाड फाका म्हणजे त्या कोंबाची शिदोरी आहे. ती पुरते तोवर त्याला उजेडाची गरज नाही. ती संपत आली की मात्र कपाटातले रोप लांबुडके, पिवळट आणि लुळे दिसू लागते. हे दिसायला दीड-दोन आठवडे जातात, म्हणून पाठ एका दिवसाचा ठरवू नये. भिंग आणि भिजलेले जास्तीचे दाणे दर मुलामागे एक याप्रमाणे तयार ठेवावेत. माझ्या मते सगळ्या तयारीत याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

आपल्या बोलण्याचीही तयारी करावी. ‘माती हे झाडाचे जेवण’ किंवा ‘खत म्हणजे झाडाचा खाऊ’ असे बोलून जाणे सोपे असते, पण ती समजूत पुढे निघता निघत नाही. सतराव्या शतकातले वैज्ञानिक यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यांनी सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलो नावाच्या झाडाचे रोप लावून त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांत झाड सव्वादोन किलोंवरून ७६ किलोंच्या पुढे गेले आणि माती घटली ती जेमतेम ५७ ग्रॅम. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. झाड केवळ पाण्यापासून बनते हा त्यांचा निष्कर्ष अपुरा होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा तेव्हा कळलेला नव्हता. मुलांना एवढे सांगायचे नाही. आपल्याला ते माहीत असावे, म्हणजे ‘झाड आपले अन्न पाणी, हवा आणि उजेड घेऊन स्वतः बनवते, मातीतून त्याला थोडे क्षार मिळतात’ हे वाक्य खात्रीने बोलता येते.

प्राणी दाखवायचा असल्यास गांडूळ पुरे. ते ओलसर कातडीतून श्वास घेते, म्हणून ओले फडके आणि सावली आधी तयार ठेवावी, हात ओले करूनच ते उचलावे आणि त्याच दिवशी जिथून आणले तिथे सोडावे. काढून घेण्याचा प्रयोग फक्त बियांवर करायचा. प्राण्याचे पाणी किंवा हवा घटकाभरही तोडायची नाही, आणि हे का, तेही मुलांशी बोलावे.

सजीव आणि निर्जीव वेगळे करायला मुलांना चित्रांच्या पट्ट्या द्यायच्या असतील, तर त्यांत ढग, मोटार आणि मेणबत्तीची ज्योत असू द्यावी. हलते ते जिवंत असे या वयात अनेकांना वाटते, आणि झाड हलत नाही म्हणून ते सजीवांच्या यादीतून गळते.

शेवटी बरण्या आवरण्याचा दिवस आधीच नेमून ठेवावा. तिसऱ्या बरणीतले कोरडे दाणे मुलांनी रात्रभर भिजवून ओल्या कापसावर ठेवावेत. ते बहुधा रुजतात, आणि इतके दिवस ते नुसते थांबले होते हे मुलांना कळते. चौथ्या बरणीतले मात्र कुजलेले असतात, पाणी गढूळ होऊन वास मारते. कोणीतरी हळूच विचारते, “हे मेले का?” उत्तर टाळू नये. हो, मेले, त्यांना हवा मिळाली नाही, असे सांगावे, आणि पुढचे प्रश्न येतील तितका वेळ त्या दिवशी मोकळा ठेवावा.