वजन कमी करण्याचं ऑपरेशन: आधी आणि नंतर खाण्यातल्या या चुका टाळा

बॅरिॲट्रिक सर्जरी झालेल्या माणसाला पुन्हा त्रास सुरू झाला की घरचे पटकन म्हणतात, "तोंडावर ताबा नाही." आहारतज्ज्ञ म्हणून मला हे मान्य नाही. मी पाहते त्यातल्या बऱ्याच तक्रारी हावरटपणातून येत नाहीत, आपल्या घरातल्या साध्या आणि मायेच्या सवयींतून येतात. स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिशवी उरते आणि ती थेट आतड्याला जोडतात. एवढ्याशा जागेत काय जातं आणि कोणत्या क्रमाने जातं, यावर पुढचं सगळं ठरतं.

"आता नंतर कुठे खायला मिळणार?"

तारीख ठरली की मिसळ, मटण, आमरस असा सपाटा सुरू होतो. ही पहिली चूक. बरेच सर्जन ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आणि कमी पिष्टमय आहार देतात. लठ्ठपणात यकृतात चरबी साठून ते मोठं झालेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर असतो. या आहाराने यकृत आकसतं आणि दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते. म्हणून हे पथ्य मोडू नका.

मात्र मधुमेह असेल तर हा आहार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना फोन करा. खाणं निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांचा डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली जाते. तंबाखू, सिगारेट आणि मिश्रीही ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधी सोडायची. पुष्कळ बायका मिश्री व्यसनात धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना सांगायची राहून जाते. बी12, ड जीवनसत्त्व आणि लोह यांच्या तपासण्या आधीच करून घ्या. शाकाहारी माणसात बी12 बऱ्याचदा मुळातच कमी असतं.

वरणाच्या पाण्यावर भागवणं

ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस पातळ पदार्थांचे, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ आणि त्यानंतर नेहमीचं जेवण. प्रत्येक टप्पा किती दिवसांचा, हे तुमचा सर्जन सांगेल. गडबड अशी होते की पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी पचतंय म्हणून घरचे महिनोन् महिने तेच देत राहतात.

रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. घरच्या नेहमीच्या वरणाच्या वाटीत ती पाच-सहा ग्रॅमच्या आसपास असतात, वरच्या पाण्यात नावापुरती. म्हणजे दहा-बारा वाट्या वरण, आणि तेवढी जागा तुमच्या पोटात नाही. हिशोब असा बसवा: दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीर म्हणजे साधारण 18, 30 ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून शिजवले की 15, पेलाभर दूध 6. उरलेलं प्रोटीन पावडरने भरून काढायचं. पावडर घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, पहिल्या काही महिन्यांत बहुतेकांना ती लागतेच. चक्का चालेल, श्रीखंड नको.

ताटात आधी पनीर, अंडं, मासा किंवा घट्ट डाळ संपवा. मग भाजी. पोळी-भात शेवटी, जागा उरली तर. आपल्याकडे पहिला घास वरण-भाताचा असतो, म्हणून हा बदल सगळ्यात जड जातो.

ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात आणि लोक तेल बदलतात. झपाट्याने वजन उतरताना थोडे केस जातातच. पण प्रथिनं आणि लोह कमी पडत असेल तर गळती वाढते, तेव्हा आधी ताट तपासा.

घास अडकतो, तोंडाला पाणी सुटतं

छातीच्या मधोमध दाब येतो, लाळ सुटते आणि मग उलटी होते. कारण बहुधा तीनांपैकी एक: घाई, मोठा घास किंवा ताजी मऊ पोळी, पाव, चिकट भात. वरून पाणी प्यायल्याने त्रास वाढतो. थांबा, उठून थोडं चाला, त्या वेळचं जेवण सोडून द्या. एरवीही जेवताना पाणी नको आणि जेवणानंतर अर्धा तास नको. दिवसभरात मात्र घोट घोट करत दीड लिटर तरी पोटात गेलं पाहिजे.

बायपास झालेल्याने जिलबी, बासुंदी किंवा सरबत घेतलं की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होऊ शकतात. काहींना दोन-तीन तासांनी साखर उतरून चक्कर येते. लग्नाच्या पंगतीत "एकच घे" म्हणणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

एकादशी आणि चहा

साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं. उपवास सोडवत नसेल तर दूध, दही, पनीर आणि राजगिऱ्यावर करा. पहिल्या वर्षात निर्जळी अजिबात नको.

लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेणं ही घराघरातली चूक. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं असेल तर बरं, कारण ते शोषायला जठरातल्या आम्लावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या थांबवू नका, त्या जन्मभराच्या आहेत. पहिल्या वर्षी रक्ततपासणी ठरल्या वेळी, पुढे दरवर्षी. ज्यांना मूल हवं आहे त्यांनी 12 ते 18 महिने थांबावं.

गावी गेल्यावर

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कुठल्याही दवाखान्यात आधी तो दाखवा. गुडघा दुखला म्हणून दिलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरने बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी जलद, पोटात किंवा खांद्यात जोराची कळ असेल तर थेट ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जा. उलट्या दोन दिवस थांबत नसतील, पाय बधिर वाटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर शरीरातलं बी1 जीवनसत्त्व (थायमिन) संपत आल्याची शक्यता असते. अशा वेळी ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी1चं इंजेक्शन द्या, असं तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा.