टाकीतल्या मून जेलीफिशला खाणं देताना

अंड्यातून नुकती निघालेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लं हे तिचं भरवशाचं खाणं. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, 27 अंश तापमान, उजेड आणि जोरदार हवा दिली की साधारण 24 तासांत ती निघतात. टरफलं काढून पिल्लं बारीक जाळीवर धुवा. उबवणीचं घाण पाणी टाकीत नको.

ड्रॉपरने थोडी थोडी सोडा. छत्रीवरच्या (छत्रीसारख्या गोल अंगावरच्या) बुळबुळीत थराला चिकटलेली पिल्लं कडेला सरकतात, तिथून मुखबाहू (तोंडाजवळचे लोंबते हात) ती उचलतात. जठराचे चार कप्पे नारिंगी दिसले की थांबा. पचायला काही तास लागतात. न पचलेलं तोंडातूनच बाहेर येतं (दुसरी वाटच नाही!), ते उपसा, नाहीतर अमोनिया वाढतो. जेलीफिश आकसत चालली तर खाणं कमी पडतंय. टाकीत बुडबुडे मात्र टाळाच: छत्रीत अडकून भोक पाडतात.