स्क्रॅचमध्ये स्प्राइट वाटेवरून चालवताय? या चुका टाळा

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची भाषा, आणि स्प्राइट म्हणजे तिच्यातलं हलवता येणारं चित्र. घाटरस्त्याचं बॅकड्रॉप (मागचं चित्र) लावलं, वरून दिसणारी एसटी काढली, स्प्राइटला ठरलेल्या सेकंदांत एका बिंदूपर्यंत सरकवणारे चार-पाच ‘ग्लाइड’ ब्लॉक एकाखाली एक जोडले. तरी बस एका टप्प्यावर रांगते आणि पुढच्यावर सुसाट सुटते. कारण साधं आहे: ग्लाइडला वेळ कळतो, वेग कळत नाही.

कंसातला पहिला आकडा एक्स म्हणजे आडवी जागा, दुसरा वाय म्हणजे उभी. (-२००, -१००) पासून (-२००, १००) पर्यंतचं अंतर २००, तिथून (२००, १००) पर्यंत ४००. दोन्हीकडे १ सेकंद ठेवला की दुसऱ्या टप्प्यात वेग दुप्पट होणारच. म्हणून आधी वेग ठरवा आणि अंतराला त्याने भागा. वेग २०० धरला तर १ आणि २ सेकंद. टप्पा तिरपा असेल तर एक्समधल्या आणि वायमधल्या फरकांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घ्या. ब्लॉकच्या यादीत ऑपरेटर्स या गटाच्या तळाशी ‘अ‍ॅब्ज’चा ब्लॉक असतो, त्याच्या बाणात वर्गमूळ आहे.

पहिल्या ग्लाइडच्या आधी स्प्राइटला थेट सुरुवातीच्या बिंदूवर ठेवणारा ‘गो टू’ हवाच. ग्लाइड स्प्राइट जिथे असेल तिथून निघतो. मागच्या वेळी बस घाटमाथ्यावर थांबली असेल तर हिरवा झेंडा दाबल्यावर ती तिथूनच रस्ता सोडून खाली येते.

याहून छळणारी चूक म्हणजे एका स्क्रिप्टमध्ये (जोडलेल्या ब्लॉकच्या साखळीत) ग्लाइड आणि दुसरीत ‘चेंज वाय’. फुलपाखरू तरंगत जावं ही अपेक्षा, पण ते जातं सरळच. ग्लाइड चालू असताना दर फ्रेमला स्वतःच्या सरळ रेषेवरची जागा नव्याने लिहितो, त्यामुळे दुसऱ्या स्क्रिप्टने केलेला बदल पुसला जातो. जागा ठरवणारी स्क्रिप्ट एकच ठेवा आणि इथे ग्लाइड काढून टाका. फुलपाखरू (-२००, ०) वर ठेवा, ‘कोन’ नावाचा व्हेरिएबल ० करा. मग ‘रिपीट २००’मध्ये: चेंज एक्स बाय २, सेट वाय टू ५० × साइन(कोन), चेंज कोन बाय ९. पाच लाटा काढत ते उजवीकडे पोहोचतं. स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम चालवतो, म्हणजे साधारण सात सेकंद लागतात. साइनला कोन अंशांतच द्यायचा. रेडियनच्या भानगडीत पडू नका.

बस आडवी सरकत असेल तर कॉस्च्युम, म्हणजे स्प्राइटचं चित्र, तपासा. चित्राचं तोंड उजवीकडे हवं, कारण स्क्रॅचमध्ये ९० अंश म्हणजे उजवी दिशा. पूर्ण चित्र निवडून पेंट एडिटरमधल्या मध्यखुणेवर आणा, नाहीतर वळताना बस भलत्याच बिंदूभोवती फिरते. वळवण्यासाठी सोपी युक्ती: ‘खूण’ नावाचा एक लपवलेला स्प्राइट आधी पुढच्या बिंदूवर पाठवा, मग बसला ‘पॉइंट टुवर्ड्स खूण’ द्या. स्प्राइट लपवलेला असला तरी हे चालतं. बाजूने दिसणारं चित्र परतताना उलटं होत असेल तर रोटेशन स्टाइल ‘लेफ्ट-राइट’ करा.

स्टेज ४८० × ३६० चं आहे. स्प्राइट पूर्ण बाहेर जात नाही, कडेला थोडासा दिसत अडकतो. बस स्टेजबाहेर न्यायची असेल तर कडेला पोचल्यावर ‘हाइड’ लावा.

एवढं करूनही वाट चुकत असेल तर स्प्राइटच्या मागे रेघ उमटवणारं पेन एक्स्टेंशन जोडा. क्रम असा: पेन अप, गो टू, इरेज ऑल, पेन डाउन. गो टूच्या आधी पेन खाली असेल तर स्टेजभर एक फालतू रेघ उमटते आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता. रेघ रस्ता सोडून जिथे कापून गेली असेल, तिथे आणखी एक बिंदू घाला.