सामुदायिक रेडिओसाठी मुलाखतीला निघण्याआधी

सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाला आपल्याकडे साधारण १०० वॉटपर्यंतच परवानगी मिळते, आणि अँटेनाचा मनोरा ३० मीटरच्या वर नेता येत नाही. आवाज पोचतो तो साधारण १०-१५ किलोमीटर. माणदेशासारख्या भागात एवढ्या टापूत कोण कोण राहतं, ते मुलाखत ठरवण्याआधीच डोळ्यांसमोर आणावं. बोलणाऱ्या बाईचं सासर, बऱ्याचदा माहेरही, जिच्याशी बांधावरून भांडण आहे ती जाऊ, ज्याच्याकडून उसने घेतले तो दुकानदार, पोरांचे गुरुजी. तिच्या कहाणीत येणारी बहुतेक माणसं तीच कहाणी त्याच संध्याकाळी रेडिओवर ऐकणार असतात. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत बसून मुलाखत घेणाऱ्याला ह्याचा विचार करावा लागत नाही. आपल्याला आधी तोच करावा लागतो. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

पहिलं काम माणूस निवडण्याचं. गावात चौकशी केली की चार-पाच ठरलेली नावं पुढे येतात: माजी सरपंच, निवृत्त मुख्याध्यापक, भजनी मंडळाचे बुवा. त्यांच्याकडे जरूर जा, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. ती माणसं माईकसमोर भाषण करतात, आणि गावाला वाटतं की रेडिओ म्हणजे असंच बोलायचं. यादी नावांनी न करता कामांनी करावी. बाळंतपणं केलेली सुईण. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेली बाई. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणारं कुटुंब. गिरणीच्या संपानंतर मुंबईहून परत आलेला कामगार. विहिरीचा सुरुंग लावणारा. वाड्या-वस्त्यांवर मुद्दाम जा. रस्त्याकडेच्या चार घरांवर कार्यक्रम चालवणं सोपं असतं, पण त्याला समाजाचा रेडिओ म्हणता येणार नाही. २००८ साली सुरू झालेली दोन केंद्रं ह्या बाबतीत आठवतात. तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूरचं संघम रेडिओ, जिथे दलित शेतकरी बाया स्वतः माईक आणि मशिन सांभाळत आल्या, आणि आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत असं सरकारी धोरणच सांगतं. ते मोठ्या नावांवर भागवायचं की वस्तीवरच्या माणसांना घेऊन, हे मात्र आपल्या हातात असतं.

वेळ त्यांच्या सोयीने घ्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी चालू असते, तेव्हा कोणाच्याही घरी तास-दीड तास मागू नये. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, जत्रेचा आठवडा टाळावा. रोजावर जाणाऱ्या माणसाचा खाडा होणार असेल तर त्या दिवसाची मजुरी केंद्राने द्यावी की नाही, हा वाद प्रत्येक बैठकीत निघतो. माझं मत स्पष्ट आहे: द्यावी. गोष्टीची किंमत म्हणून पैसे देऊ नयेत, पण आपल्यामुळे बुडालेला रोज आपण भरून द्यावा. आणि हे मुलाखतीच्या आधी सांगून मोकळं व्हावं, म्हणजे बोलताना त्याचं ओझं राहत नाही.

पहिल्या भेटीला रेकॉर्डर नेऊच नका. चहा घ्या, घरात कोण कोण आहे ते बघा. ऐकायला कमी येतं का, दम लागतो का, गोळ्या किती वाजता असतात, एका जागी किती वेळ बसवतं, हे सगळं ह्याच भेटीत कळतं. आणखी एक गोष्ट कळते: त्या घरात आजीच्या वतीने बोलतं कोण? बहुतेक घरांत मुलगा किंवा नातू शेजारी बसतो आणि आजीने तोंड उघडायच्या आत उत्तर देतो. तो वाईट नसतो. आईने काही चुकीचं बोलू नये एवढीच त्याची काळजी. म्हणून मुलाखतीला दोघांनी जावं. एकाने आजीजवळ बसावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन विहीर, गोठा, जुने फोटो बघायला बाहेर पडावं. बाईची मुलाखत शक्यतो बाईने घ्यावी. सून सासूसमोर मोकळी होत नाही, आणि सासूही सुनेसमोर होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता सर्वांत जास्त कष्टाचा भाग, वर्षांचा. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका. "तुमचं लग्न कोणत्या साली झालं?" असं विचारलं की माणूस गप्प होतो, आपल्याला काही येत नाही असं त्याला वाटतं, आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. त्याऐवजी तुमच्या भागाचा एक कागद घरूनच तयार करून न्या, ज्यावर सगळ्यांच्या आठवणीतल्या घटना आणि त्यांची सालं असतील. पश्चिम महाराष्ट्रात त्यावर १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर असेल, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप असेल, १९७२चा दुष्काळ असेल, १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप असेल, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप असेल. त्यात गावाच्या खुणा जोडा: पहिली एसटी आली ते साल, वीज आली ते, नळ आला ते, २०१२-१३च्या दुष्काळात चारा छावणी बसली ते. मग विचारा, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला किती होता हो?" उत्तर लगेच येतं: "पोटात होता." आणि साल आपल्या कागदावर आपोआप बसतं.

बहात्तरच्या दुष्काळावर बोलणारी माणसं आता थकत चालली आहेत. त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरी पार केलेली आहे. यादीत ज्या कोणाचं नाव आधी घ्यायचं असेल त्यात ह्या बाया घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. त्यांच्यासाठी प्रश्नही आधी लिहून काढावे लागतात. "दुष्काळ कसा होता?" ह्याला "लई वाईट" एवढंच उत्तर मिळतं. खडी फोडायला जाताना अंगावरचं पोर कुठे ठेवलं जायचं? हाताला फोड आले तर काय लावायचात? हजेरी कोण मांडायचं, आणि पगार तुमच्या हातात यायचा की घरातल्या पुरुषाच्या? कामावर खायला मिळणारी सुकडी तिथेच खायचात की घरी न्यायचात? मिलोच्या, म्हणजे तेव्हा रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीची चव कशी होती? तेव्हा धान्य नव्हतं आणि आता पाणी नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. ते कोणी बोललं तर मध्ये शिरू नका, त्यांना पुढे बोलू द्या. मुंबईला गेलेल्या माणसाला खोलीत किती जण पाळीपाळीने झोपायचे ते विचारा. खानावळवाल्या बाईचं गाव कोणतं, मनीऑर्डर आल्यावर गावाकडे पत्र कोण वाचून दाखवायचं, तेही विचारा. मेंढपाळाला विचारा की कोकणात भातखाचरात मेंढरं बसवली तर शेतकरी बदल्यात काय द्यायचा. हाताने केलेल्या कामाबद्दल विचारलं की माणूस बोलतो. मन कसं होतं ते त्यात आपोआप येतं, वेगळं विचारावं लागत नाही.

काही गोष्टी बाया बोलून दाखवत नाहीत, पण ओवीत म्हणतात. सासुरवास, भावाची वाट, नवऱ्याचा राग, विठ्ठलाशी भांडण, हे सगळं जात्यावर मोकळं झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, ह्यावरून तो साठा केवढा असेल ते समजावं. पण बसल्याबसल्या "एक ओवी म्हणा" असं म्हणू नका. बोलणं होऊ द्या, शेवटी विचारा. जातं घरात असेल आणि त्यांना बसवत असेल तर जात्यावरच बसू द्या. गाताना आवाज चढतो, म्हणून माईक थोडा मागे घ्या. ओवी त्यांची आहे, रेडिओवर लावायला अडचण नाही; सिनेमाच्या गाण्याचं तसं नसतं, ते रेकॉर्डिंगमध्ये मागे वाजत असेल तर बंद करायला सांगा.

सामानाचं थोडक्यात. रेकॉर्डर, हेडफोन, मोकळं केलेलं मेमरी कार्ड आणि दुसरं जवळ, नवे सेल, वाऱ्यासाठी माईकचं फोमचं टोपरं. रेकॉर्डर नसेल तर मोबाईल चालतो, पण विमान मोडवर. माईक तोंडापासून एक वीत, आणि समोर न धरता थोडा तिरका, म्हणजे "प" आणि "फ"चे फटके बसत नाहीत. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, ठेवा, एमपी३ नंतर करता येते. पत्र्याचं घर दुपारी तडतडतं आणि वारंही तेव्हाच सुटतं. सकाळी नऊ-दहाची वेळ बरी, नाहीतर गोधड्या टाकलेली आतली खोली. पंखा बंद करायला सांगताना संकोच वाटतो, तरी सांगा, कारण पंख्याची घरघर शब्दांवर बसते आणि लहान रेडिओवर काही कळत नाही. कोंबडा, शेळी, भांड्यांचा आवाज आला तर येऊ द्या, ते घर आहे. हेडफोन कानाला लावूनच रेकॉर्ड करा. उठण्याआधी कोणीही न बोलता मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटिंगला जोड द्यायला तोच लागतो.

संमती कागदावर अंगठा घेऊन होत नाही. अंगठा म्हटलं की लोकांना कर्ज आणि जमीन आठवते. रेकॉर्डर सुरू करून त्यांच्याच बोलीत सांगा: हे कुठे लागणार, केव्हा लागणार, कोणकोणत्या गावांना ऐकू जाणार, नको वाटलं तर कधीपर्यंत सांगायचं. मग त्यांना त्यांच्या शब्दांत हो म्हणू द्या. रेडिओची संमती वेगळी आणि इंटरनेटची वेगळी घ्या. एकदा यूट्यूबवर गेलेली मुलाखत पुण्यातला जावई आणि दुबईतला पुतण्याही ऐकतो, आणि ती परत आणता येत नाही.

ह्याहून अवघड प्रश्न कहाणीतल्या बाकीच्या माणसांचा आहे. त्यांनी संमती दिलेली नसते. म्हणून मुलाखत झाली की ती ऐकताना प्रत्येक नावाची यादी करा. माणूस हयात आहे का, आपल्या टापूत राहतो का, त्याच्याबद्दल काय म्हटलं गेलं, हे तीन रकाने पुरतात. भाऊबंदकी, कर्ज, पळून केलेलं लग्न, दारू, मारहाण, ह्यांपैकी काही असेल तर ती जागा लाल करा. नाव बदललं की झालं, हा समज सोडून द्या. दहा किलोमीटरच्या आत आवाज ओळखू येतो, बोलण्याची ढब ओळखू येते, "आमच्या ओढ्याच्या पलीकडची विहीर" म्हटलं की वस्ती कळते. अशी गोष्ट महत्त्वाची वाटत असेल तर ती आपल्यापैकी कोणीतरी, तपशील बदलून, बोलणाऱ्याच्या परवानगीने सांगावी. तेही शक्य नसेल तर लावू नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर बाईची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे रेकॉर्डर थांबवावा, आणि तिला कोणाची मदत हवी आहे का ते आधी बघावं. त्यासाठी तालुक्याच्या दवाखान्याचा आणि महिला हेल्पलाइन १८१चा नंबर वहीत असावा.

एडिटिंगला बसताना तासाभराच्या बोलण्यातून बारा-पंधरा मिनिटं काढायची असं धरून चाला. "व्हतं", "न्हाई", "म्या गेले" जसं आहे तसं ठेवा. निवेदकानेही आपली बोली लपवू नये. दम घेण्याच्या जागा कापू नका. मोठ्या मौनानंतर आलेलं वाक्य मौनासकट लावा. काय कापायचं तेही सांगून ठेवते: म्हणींमधून एखाद्या जातीला हिणवलेलं असतं, बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी. ते जाऊ देऊ नका, कारण त्या जातीचं घरही ऐकत असतं. निवडणुकीत कोण कोणाविरुद्ध उभं होतं हेही सोडा. आपल्याला बातम्या आणि राजकीय प्रचार करायला मोकळीक नाही.

तयार झालेला कार्यक्रम लावण्याआधी त्यांना घरी जाऊन ऐकवा, आणि ह्यासाठी वेळापत्रकात एक आठवडा राखूनच ठेवा. आपला आवाज ऐकून काही जण लाजतात, काही रडतात, काही म्हणतात, "तेवढं काढा." काढा. कारण विचारू नका. प्रसारणाचा दिवस आणि वेळ कागदावर लिहून भिंतीला लावून या, फोन करून आदल्या संध्याकाळी आठवण द्या, आणि लाइट जाण्याची वेळ बघून दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रसारणही सांगा. एक प्रत घरी द्या, मेमरी कार्डवर किंवा नातवाच्या व्हॉट्सॲपवर. परवान्याच्या नियमानुसार प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपावा लागतो, पण तीन महिन्यांनी पुसायचं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मूळ तासाभराची फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि काम घाला, माणसाचं नाव वहीत. शेजारी संमतीची फाइल, लाल केलेल्या जागांची यादी, आणि प्रसारणानंतर आलेल्या फोनची नोंद. त्या फोनांमध्ये "आमच्या आत्याकडेही जा" असं सांगणारे असतात. पुढच्या महिन्याची यादी तिथून सुरू करा.